उपडं मडकं

चार महिने झाले, गव्हाला तोंड लावलं नाही.
तरी दुपारी तीनच्या सुमाराला पोट भरून येतंच,
काही न खाता,
बंद खोलीत कोणी ट्रंका सरकवत असावं तसं.

वंदू म्हणते, काऊन वं, सोडली ना पोळी?
मंग आता काय दुखून राहिलं?
तिला काय सांगू.
भाडेकरूसुद्धा नोटिशीनंतर सहा महिने बसतो.

ज्वारीची भाकर, भात, वरण,
वरणात हिंग.
पोट फुगलं की कोमट पाण्यात हिंग,
बेंबीवर हिंगाचा लेप.
मग एका रात्री लेकीनं डबी उलटी करून
चष्म्याजवळ धरली, वाचली:
डिंक, गव्हाचं पीठ.
आम्ही दोघी डबीकडे पाहत राहिलो.
फेकवली नाही. कोडापेबाईंना दिली,
त्यांना गहू सोसतो.

धंतोलीत दर दोन दारांआड दवाखाना.
आमच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं:
आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते,
तुमची झडली आहे.
येईल परत, हरळीसारखी, हळूहळू. वर्ष धरा.
मग पेनाचं टोपण लावता लावता,
काम काय करता?
घरीच असते, मी म्हणाले.

खोटं नाही. चुली घरीच आहेत.
जगनाडे चौकातून आत तिसरी गल्ली, मागच्या अंगणात
टिनाखाली तीन चुली, तिन्हींवर उपडी मडकी,
आणि परातीत सहा किलो गव्हाचं पीठ
मिठाच्या पाण्यात आपटून आपटून सैल केलेलं,
इतकं सैल की उचललं तर सांडावं.
सांडत नाही. तार धरतं.
मनगटावरून कोपरापर्यंत लोंबतं,
या हातावरून त्या हातावर जातं,
पलीकडचा लिंब दिसेपर्यंत पातळ होतं,
तेव्हा मडक्यावर टाकायचं.
लांब पोळी म्हणतात. सावजी रश्श्यात
एक मोडली तर दोघांना पुरते.

कणकेतलं ते न तुटणं,
बाईंनी त्यालाच इंग्रजी नाव दिलं.
वीस वर्षं मी तेच विकते.
सासू चिमटीत पीठ ताणून पाहायची,
म्हणायची, हा गहू दम धरते.

संध्याकाळी भुवया पांढऱ्या होतात.
नाक शिंकरलं तर पांढरं.
ओठांवरून जीभ फिरवली तर
चार महिन्यांचा उपास त्या जिभेवर मोडतो.
हे मी त्यांना सांगितलं नाही,
कारण त्यांचं पुढचं वाक्य मला माहीत होतं,
आणि शनिवारी रेशीमबागेत दीडशे पोळ्या द्यायच्या होत्या,
आणि नळी घालून केलेल्या त्या तपासणीचे
अडीच हजार अजून वंदूचे देणं आहे.

आता ओला दुपट्टा बांधते तोंडाला,
मे महिन्यात गाडीवरच्या पोरी बांधतात तसा, नुसते डोळे उघडे.
गिऱ्हाईक विचारतं, सर्दी झाली का बाई?
हो म्हणते.
जरा बरं वाटतं,
की वाटावं म्हणून वाटतं, कोण जाणे.
लेकीच्या जुन्या वहीत लिहून ठेवते:
बुधवार, काही नाही.
गुरुवार, ट्रंका.
शनिवारचं लिहायचं राहिलं.

मडकं तापलं का हे पाहायला
आम्ही पाण्याचा शिपका मारतो.
चर्र झालं की समजायचं.
रात्री कूलरच्या घरघरीत
मी पोटावर तसाच ओला हात ठेवते.
आवाज येत नाही, नुसतं काहीतरी इकडून तिकडे जातं.
उगवली असेल का एखादी बारीक काडी,
त्या लवेची,
आणि तिच्यावर आज किती पीठ बसलं असेल.

हात काढत नाही.
पाचला उठून सहा किलो भिजवायचं आहे.