मधातला कापूस

मिस्त्री येणार होता, आला नाही;
त्याच्या साळ्याची हळद निघाली अचानक.
म्हणून एकटाच, खिशात चुंबक आणि बॅटरी घेऊन
दर्यापूरच्या पुढं तीन गावं सोडून
दादाराव उगल्यांच्या कोठ्यापाशी उतरलो.

कुटाराच्या ढिगाला टेकून उभी होती:
स्टँडर्ड हेराल्ड, एकोणसत्तरची,
रंग म्हणे आकाशी.
कोणत्या महिन्यातलं आकाश, ते फोनवर सांगितलं नव्हतं.
छतावर तुरीचा भुसा, आणि आरशाशी
एक चिमणी भांडत होती.

पंचवीस वर्षं मी कापूस पाहिला.
बंडीवर चढायचं, वरचा पांढराशुभ्र थर सारायचा,
कोपरापर्यंत हात खुपसून मधातला ओढायचा,
दोन चिमटींत धरून तोडायचा:
धागा किती, ओल किती, कवडी किती.
वरून सगळाच कापूस सुपर असतो.

म्हणून आधी रंगाकडं पाहिलंच नाही.
बॉनेट उचललं. या गाडीचं ते
चाकांवरच्या पंखांसकट उघडतं,
म्हैस आधी मागून उठते तसं.
दांडीवरचं तेल काळं, पण पांढुरकं नाही,
म्हणजे इंजिनात पाणी गेलेलं नाही.
बॅटरीच्या पेटीत उंदरानं
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवर स्वतःचा संसार मांडलेला.
फडक्यात गुंडाळून चुंबक फिरवला:
दारावर चिकटला, छतावर चिकटला,
डाव्या चाकाच्या वर मात्र हातातून गळाला.
लांबी.
मी काही बोललो नाही.

पाठीवर झोपून खाली सरकलो, अडुसष्टाव्या वर्षी.
सांगाडा ताठ होता, पण तळाचा पत्रा
बोट टोचताच पापडासारखा गेला.
ते बोट जिभेला लावलं.
खारट.

"धुवत होतो," वरून दादाराव म्हणाले.
मला त्यांचे फक्त पाय दिसत होते, भेगाळलेले, शांत.
"दर आयतवारी, इहिरीच्या पान्यानं.
चकचकीत ठेवत होतो राजेहो.
आपल्या पट्ट्यातलं पानी बैल पेत नाई,
थे गाडीले कायचं मानवते?
पर ध्यानातच नाई आलं.
बायको म्हने, पोराइले कधी येवढं धुतलं नाई."

गुडघे धरत बाहेर आलो.
तेव्हा ते नीट पाहू लागले माझ्याकडं.
"तुमी ग्रेडर होते ना? त्र्याऐंशी साली?
माही बंडी तुमी कवडीत टाकली होती."

मला आठवेना.
दिवसाला दोनशे बंड्या,
रात्रभर रांगेत जागलेले दोनशे चेहरे,
आणि प्रत्येकासाठी माझ्याजवळ चिमूटभर वेळ.
मी चष्मा पुसू लागलो.

"बराबरच टाकली," ते म्हणाले.
"दोन घागरी पानी मीच मारलं होतं खालून.
तुमी हात घातला, माह्याकडं पाह्यलं,
पर चारचौघात बोलले नाई.
थे ध्यानात रायलं."

मग त्यांनीच माझं मनगट धरून
गाडीभोवती फिरवलं:
"अठी लांबी हाय. अठी सरकीच्या तेलाचा डबा कापून ठोकला.
हे दार पावसायात लागत नाई.
हारन आपोआप वाजते,
एकडाव तं मयतीत वाजला... जाऊ द्या."

किल्ली फिरवली. तिसऱ्या खेपेला खोकली,
चौथ्याला धरली, चिमणी उडाली.
अंगण एक बंडी कशीबशी वळेल एवढं;
हेराल्ड त्यात एका दमात वळली,
पऱ्हाटीच्या भाऱ्याला धक्का न लावता.

"मंग? ग्रेड?"

तोंडात शब्द तयार होते, जुनेच, तीन-चार.
मी म्हणालो,
"आमच्याकडं, परतवाड्याला, पाणी गोड आहे."

करदोड्याला बांधलेली डिकीची किल्ली
ते सोडू लागले. वेळ लागला. गाठ जुनी होती.
"मंग धुजा," म्हणाले, "आयतवारी.
जास्ती नोका घासू."