तीन सेकंद

गेली सहा वर्षं मी एक पाणमांजर आहे.
जांभळं. गळ्यात शिट्टी, पाठीवर दप्तर.
तार्तूच्या एका तळघरात,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेल्या खोलीत
दर मंगळवारी मी त्याचा आवाज होते
आणि विचारते,
"टोपलीत मासे किती?"

संहितेत पुढे कंसात लिहिलेलं असतं:
तीन सेकंद. मूल उत्तर देतं.

तेवढा वेळ मी श्वास धरून बसते.
काचेपलीकडे राइवो जांभई देतो, तीही आवाज न करता.
मग मी म्हणते, "अगदी बरोबर! शाब्बास!"
कुणाला म्हणते, कोण जाणे.
पैसे भागामागे मिळतात, शाब्बासकीमागे नाही,
नाहीतर एव्हाना नदीकाठी घर झालं असतं माझं.

खालच्या मजल्यावरच्या हेल्वेला बेकरीत रात्रपाळी,
म्हणून हिवाळाभर तिचा ऊकू माझ्याकडे.
वय वर्षं चार.
साडेतीनला अंधार पडला की तो टीव्हीसमोर बसतो
मोज्याचं टोक चघळत.
पाणमांजर विचारतं.
एक. दोन. तीन.
ऊकू मोजा चघळतो.
"अगदी बरोबर!" मी ओरडते टीव्हीतून,
आणि इथे खुर्चीत बसल्या बसल्या ओशाळते.

एकदा बटाटे सोलताना मीच विचारलं, "ऊकू, हे किती रे?"
त्यानं बटाट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि ठासून म्हणाला,
"अगदी बरोबर."

हसता हसता सुरी खाली ठेवावी लागली.
रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना.
सहा वर्षं पालथ्या घड्यावर पाणी,
आणि आता घडाच म्हणतोय, शाब्बास.

राइवोला सांगितलं. तो म्हणाला, शिकतात गं मुलं,
माझ्या पुतणीला शार्कच्या अकरा जाती पाठ आहेत.
आणि बुटाची नाडी?
नाडी नाही येत, म्हणाला. केबल गुंडाळू लागला.

मग मी वेगळी युक्ती केली.
स्वयंपाकघरातून, थेट पाणमांजराच्या आवाजात:
"ऊकू! पाचानंतर सहा!"
तो बंद टीव्हीकडे वळला.
उठला. टीव्हीच्या मागे जाऊन वाकून पाहून आला.
तिथे धूळ होती आणि एक हरवलेला चमचा.
चमचा आणून त्यानं माझ्या हातात दिला,
काही बोलला नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी हेल्वे त्याला न्यायला आली.
भुवयांवर पीठ की बर्फ, कळत नव्हतं.
त्याचा हात कोटाच्या बाहीत कोंबत
टोपी कुठाय, दुसरा हातमोजा कुठाय, चल, चल,
तेवढ्यात ऊकूनं विचारलं,
"आज पाव किती केलेस?"

आणि थांबला.

मान जराशी तिरकी. डोळे तिच्यावर.
हे थांबणं मी कुठेही ओळखेन.
दर मंगळवारी श्वास धरून
मीच ते मापून दिलेलं आहे.
एक.
दोन.
तीन.
तो अजून थांबलेलाच.

हेल्वेचा हात बाहीतच राहिला.
तिला काही विचारून असं थांबलेलं
मी तरी कुणाला पाहिलेलं नाही.
मी स्वतः "कशी आहेस" म्हणते ती जिना चढता चढता,
उत्तर येईपर्यंत माझं दार लागलेलं असतं.

"नऊशे," ती म्हणाली.
मग उंबऱ्यावरच बसली, बूट तसेच ओले.
"नाही रे. नऊशे चाळीस. चाळीस करपले. माझ्या हातून."
"अगदी बरोबर," ऊकू म्हणाला.

उतरताना तो पायऱ्या मोजत गेला.
तीन, चार, पाच, सात.
मी दार उघडं ठेवून ऐकत राहिले.
सहाव्या पायरीवर पाय पडला होता त्याचा,
मी ऐकला.