लाभ

मापाडी 'एक' म्हणत नाही.
पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतो,
मग दोन, मग तीन.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
बाबांनी सव्वीस वर्षं मोजली अशी, लाभापासून.
काटा थांबायची वाट बघायची,
एवढंच खरं तर काम.

आधी काटा हलला की बाबा, कुणाला कळलं नाही.
डाव्या हाताची बोटं मांडीवर
समोर नसलेली पेटी वाजवायची.
झोप लागली की थांबायची.
मग खांदा उडायला लागला. भुवई.
पाऊल असं पडायचं
की जमीन दोन बोटं खाली गेलीय.
मुकादम म्हणाला, हणमंतराव, सकाळी सकाळी?
बाबांनी आ करून त्याला वास दिला, सगळ्या गाळ्यासमोर.
तरी काट्यावरून उठवलंच.
त्या रात्री त्यांनी आईवर ताट भिरकावलं,
आयुष्यात पहिल्यांदा,
आणि उजाडेपर्यंत फरशीवरची शितं वेचत बसले.

वाशी, सेक्टर सतरा. डॉक्टर कुलथेबाई.
जीभ बाहेर काढा. ठेवा तशीच.
जीभ पालीसारखी आत पळाली.
माझी दोन बोटं घट्ट धरा.
बाबांची मूठ आवळायची, सुटायची, आवळायची,
धार काढतात तशी.
मला वाटलं, हाताला जावळीतली म्हैस आठवली असेल.
बाईंनी लिहून घेतलं.

फिल्म उजेडाला लावली.
इथं मधोमध, दोन्ही अंगांना, एक फुगीर भाग असतो, कॉडेट.
कुठली हालचाल सोडायची, कुठली अडवायची, ते तो बघतो.
यांचा सपाट झालाय.
शेजारची पाण्याची जागा पसरलीय.

मला आमची खिडकी दिसली.
कोपरखैरण्याच्या माथाडींच्या खोलीतून डोंगर दिसतो, पारसिकचा.
खडीवाल्यांनी मागून खाल्ला तो.
दुपारी सुरुंग उडायचा, मांडणीवरची भांडी किणकिणायची,
आई म्हणायची, काही नाही गं, जेव.
आता तिथं खदाण, खदाणीत हिरवं पाणी.
पुढून रेघ तशीच आहे.

रक्ताच्या रिपोर्टात तीन अक्षरं.
सी ए जी, सी ए जी, पुन्हा तीच.
सगळ्यांच्यात असतात, बाई म्हणाल्या,
सव्विसापर्यंत काही नाही.
चाळिशी गाठली की मात्र सुटका नाही.
बाबांची त्रेचाळीस भरली.
आजोबांची कुणी मोजली नव्हती.
त्यांच्या अंगात वारं येतं म्हणायचे गावात,
नारळ फोडायचे.
विहिरीवर पाय घसरला, असं अजून सांगतात.

मुलाला, मुलीला, सारखीच शक्यता. छापा-काटा.
आमच्या घराण्यात हेच एक वाटप समान.
आणि वडिलांकडून येताना
आकडा कधी कधी वाढतो, बाई जपून म्हणाल्या.
मला हसू आलं. बाई घाबरल्या.
त्यांना काय सांगू,
अडत्याच्या शिव्या खाऊन
झुकतं माप देणारा माणूस होता हा.

माझा रिपोर्ट तयार आहे. लॅबचा फोन येऊन अकरा दिवस झाले.
वरण घट्ट करते, हनुवटी खाली धरून भरवते,
ठसका लागला की थांबते.
मान न हलवता माझ्याकडे बघायचं
तर त्यांना आधी पापणी मिटावी लागते.
महिन्याला वजन लिहायचं असतं.
बाबा काट्यावर उभे राहतात,
आकडा बेचाळीस, एकोणचाळीस, पंचेचाळीस, ठरत नाही.
मग मी मागून मिठी मारून त्यांच्यासकट चढते.
दोघांचं मिळून अठ्ठ्याण्णव.
आता माझं वजा करायला
मला एकटीनं उभं राहायला हवं.

बाबांना खुर्चीत बसवते.
चप्पल काढते. चढते.
काटा जातो, येतो, जातो.
मी श्वास धरून खाली बघते,
आणि खुर्चीतून, कित्येक दिवसांत पहिल्यांदा,
स्पष्ट आवाज येतो,
लाभ.