पावणेसहा सेकंद

पणजा काचेवर राजवाडे काढायचा.
खालचा मजला सुतारानं उभा केलेला, फळ्या नि गोणपाट.
वरचे तीन मजले केरबा पेंटरचे,
कॅमेऱ्यापुढं दीड हातावर धरलेल्या काचेत.
जोड कुठं आहे ते कुणाला दिसलं नाही
म्हणून त्याचं नाव कुठं आलं नाही.
असा आमचा धंदा.

आज्जा तारा खोडायचा.
उडणाऱ्या देवांच्या कमरेला बांधलेल्या तारा,
निगेटिव्हवर, डोळ्याला भिंग लावून,
खारीच्या केसांच्या कुंचल्यानं.
म्हणायचा, "देवाला उडवायला काय लागतंय,
तार तेवढी दिसायला नको."

बाप म्हशीच्या मागं लागला.
दूध संघाची जाहिरात मिळालेली, सव्वा मिनिटाची,
तर महिनाभर पहाटे गंगावेशीत.
लोक धारोष्ण दुधाचे पेले तोंडाला लावून उभे
आणि हा खुरांकडं बघत वहीत रेघा मारतोय.
गवळी म्हणाला, "घेतोस का काय इकत?"
अठराशे सेल. हौसाआत्तीनं एकेक रंगवला,
भाकरी थापून झाल्यावर, हातमोजे घालून.
एकोणीसच्या महापुरात खालच्या फळीवरची म्हैस पंचगंगेनं नेली.
वरच्या फळीवरचं शेपूट तेवढं राहिलं.

मी खांब काढते.
विजेचे खांब, केबल, डिश, बाल्कनीतले टॉवेल.
हैदराबादहून रात्री शॉट येतात
आणि सकाळी जुना काळ होऊन परत जातात.

मार्चमध्ये शूटिंग आमच्याच गल्लीत, शुक्रवार पेठेत.
टांगा, दिवट्या, फेटे.
सगळ्यांना आत बसा म्हणून सांगितलं,
आज्जा पायरीवर बसला.
बंडी, दोरी बांधलेला चष्मा.
असिस्टंट घसा फोडून ओरडला, हा ढिम्म.
मला म्हणाला, "तू हाईस की काढायला."

शॉट आला दिवाळीनंतर.
सोबत यादी:
खांब दोन, केबल, पाटी 'केरबा आर्ट',
पायरीवरील म्हातारा.
एकशे अडतीस फ्रेम.
यादी वाचून बाप चहा आणायला गेला,
तासानं आला, चहा न घेता.

खांब गेले. पाटीही गेली,
पणज्याचा तो 'र' मात्र सुटता सुटेना, इतका पल्लेदार.
मग आज्जाच्या कडेनं रेघ फिरवत गेले,
कान, बाही, गुडघा, पुन्हा कान.
एक्काहत्तराव्या फ्रेमला तो खोकतो,
खांदा दोन बोटं वर येतो.
या फाइलला आवाज नाही.

माणूस काढला की भोक पडतं.
भोकात त्याच्या मागचं भरायला लागतं,
आणि त्याच्या मागं काय आहे
ते मी जन्मात बघितलं नव्हतं.
तिथं तोच असायचा.

चप्पल घातली, बाहेर जाऊन फोटो काढला.
पायरी. भिंत. डोक्याच्या उंचीला
खोबरेल तेलाचा तळहाताएवढा डाग.
गणपतीपासनं जागा मोकळीच आहे,
कुणाला उठ म्हणावं लागलं नाही.
ऊन तेवढं मार्चचं जुळवलं.

डाग ठेवायचा का, बापाला विचारलं.
तो त्याच्या स्क्रीनकडं बघत म्हणाला,
"त्या काळात काय लोक तेल लावत नव्हते?"

आठवड्यानं निरोप आला, शॉट ओके.
कोपऱ्यातलं कुत्रं मोकळ्या पायरीकडं बघून शेपूट हलवतंय,
ते फार आवडलं सरांना.
मुद्दाम केलंय का?
मी कळवलं, होय.

संध्याकाळी बाप बिल करायला बसला.
खांब, केबल, पाटी, नेहमीचा दर.
म्हाताऱ्याचे दुप्पट लावले.
म्हणाला, "जुनं काम हाय. कमी करू नको."