दम

सावद्याच्या मैदानावर बडगुजर सर
तापीचा पोयटा चाळतात,
खडा डाळीतला काढावा तसा
उन्हात धरून बघतात.

नऊ वर्षं मॅटवर.
छातीवर सिमेंट कंपनी, पाठीवर सात,
हॉटेलात मऊ उश्या.
मग एका साध्या पकडीत
डावा गुडघा असा वाजला
की पंचानंही शिट्टी फुंकली नाही लगेच.

आता शिट्टी त्यांच्याच गळ्यात.

तडव्यांचा अफसर चढाईला जातो.
"बोनस राहू दे भो,
घरी ये आधी!"
मग सर बोलत नाहीत.
ओठ तेवढे हलतात,
कबड्डी कबड्डी, आवाजाशिवाय.

तिघं घोट्याला. पोरगं घसटत,
तोंडभर माती,
बोट रेघेच्या अलीकडे.

गुण कोणी मोजतं.
सर श्वास घेतात.