झटकायचं नाही

चादर झटकायची नाही,
म्मालिनेओने पहिल्याच दिवशी सांगितलं.
चारी कोपरे आत घे, डाग आत मिटू दे,
पण गाठोडं पोटाशी धरू नकोस.
हात लांब. श्वास हळू.

मोखोत्लोंगच्या या दवाखान्यात
धुलाईघर सगळ्यात खाली, उतारावर.
पाणी आपोआप येतं, माणसं पाठवावी लागतात.
जुलैत नळ गोठतो,
तेव्हा नळालाच ब्लँकेट पांघरतो आम्ही.

पिवळी पिशवी भट्टीची,
लाल उकळत्या पाण्याची,
निळीत नुसता घाम.
"नुसता घाम असं काही नसतं," ती म्हणते,
आणि फाटक्या हातमोज्याला चिकटपट्टी लावू देत नाही.
नवा घे म्हणते. नवा नसतो.

आता मला कापडावरून माणूस कळतो:
कोण बाळंतीण,
कोण सोन्याच्या खाणीतून फुप्फुसं घेऊन परतलेला,
ज्याच्या अभ्र्यावर खोकल्याचे तपकिरी ठिपके.
कधी कवळी सापडते,
एकदा अंगठी. ब्लीचमध्ये बुडवून, वहीत लिहून परत केली.

मार्चमध्ये सुई सापडली.
सापडली म्हणजे,
मोएकेत्सीच्या तळव्यात.

अठ्ठावीस दिवस गोळ्या.
भिंतीवर कोळशाने अठ्ठावीस रेघा,
मग तपासण्या, मग वाट बघणं.
काही निघालं नाही.
तरी तो आता डोंगरावर मेंढ्या राखतो,
खाली येत नाही.

त्या दुपारी म्मालिनेओने चिमट्याने सुई उचलली,
जाड बरणीत टाकली, झाकण घट्ट केलं,
हात धुतले, ऍप्रन बदलला,
आणि चढ चढून वर गेली.
राउंड चालू होता.
टेबलावर बरणी ठेवून तिने एवढंच विचारलं,
"कुणाची?"

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं,
सिस्टरने रात्रपाळीकडे,
रात्रपाळी घरी झोपली होती.
एकेकाने हात झटकले.
मी दारात होते,
मला तो आवाज आला,
कोरड्या कापडाचा.

उतरताना ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "म्हणून सांगते,
झटकलं की उडतं,
आणि कुणाच्या छातीत जाऊन बसेल
ते झटकणाऱ्याला दिसत नाही."

बरणी तिथेच राहिली टेबलावर.
दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी
कुणीतरी नवा डबा ठेवला होता, सुयांचा,
न सांगता.

आम्ही चादरी मोजल्या.
एक्केचाळीस. एक कमी.
ती शोधायला पुन्हा वर कोण जाणार
यावर थोडं भांडलो.