बिंबलांचा पन्हा

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची फुलं कापत आले.
म्हापशाच्या बाजारामागे, घड्याळवाल्याला लागून
माझं मशीन,
आणि मशीनवर कुणीतरी, कुठल्यातरी गावात बसून
काढलेल्या वेली.
कुठलं फूल किती इंचांनी परत येतं
ते मी बोटांनी सांगते.
चेक्स असतील तर पाव मीटर जास्त मागते,
कुशीच्या शिवणीत रेघेला रेघ भेटायला हवी.
आणि मोठं सूर्यफूल कुणाच्या छातीवर
बरोब्बर मधोमध येता कामा नये:
आल्झिरानं त्यापायी एकदा
फेस्ताच्या आदल्या रात्री
फ्रॉक माझ्या काउंटरवर आपटला होता.

फूल स्वतः काढायचं, हे मात्र कधी सुचलं नव्हतं.

इर्मा टीचर ब्लाउज टाकायला आली.
शाळेत चित्रकला शिकवायची, आता पेन्शनीत.
ब्राऊन पेपरवर, कुणाच्या तरी बाहीच्या मापाशेजारी
मी गिरवलेलं बिंबल तिनं चष्मा वर करून पाहिलं.
म्हणाली, "हे एकटंच का गं?
याला शेजारी दे."

आठ बाय आठचा चौकोन.
"मधोमध काढ," ती म्हणाली,
"कडांना अजून शिवायचं नाही."
मी हसले.
शिवायचं नाही, असं मला
पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

तीन बिंबलं, एक डहाळी, दोन पानं.
मग म्हणाली, कापून टाक.
उभं, बरोबर अर्ध्यावर.
डावं उजवीकडे ने, उजवं डावीकडे.
आता आडवं काप. वरचं खाली, खालचं वर.

मी हजारो वार कापड
गिऱ्हाइकाशी गप्पा मारत कापलंय.
त्या एका बिंबलावर कात्री ठेवली
आणि अंगठा हलेना.

कापलं.
चारही कोपरे आत येऊन एकमेकांना टेकले.
बिंबलं दुभंगून कडेला गेली,
आणि मधे उरली पांढरी जागा,
शुक्रवारचा बाजार उठल्यावर उरते तशी.
तिथे काय काढू?
पान काढलं, खोडलं.
परत पान.
शेवटी ती बारीक फुलं,
फांदीची वाट न बघता
थेट खोडालाच फुटतात ती.

झेरॉक्सच्या सर्वेशनं सोळा प्रती काढल्या,
"मॅडम, सगळ्या एकच?" विचारत.
कडा छाटल्या, सेलोटेप लावली,
दुकानाच्या भिंतीवर डकवलं
आणि रस्ता ओलांडून
पलीकडून बघायला गेले.

बिंबलं दिसलीच नाहीत.
दिसली एक वाट.
तिरपी, पांढरी, वरच्या कोपऱ्यातून
थेट खाली, इस्त्रीच्या टेबलापर्यंत.
मी काढली नव्हती.
सायकल टेकवून पोदेरही बघत उभा राहिला.
"ही कुठे जाते?" त्यानं विचारलं,
आणि दोन पाव जास्त देऊन गेला.

"पहिल्या खेपेला वाट पडतेच," इर्मा टीचर म्हणाली.
"काहीतरी बारीक टाक, बुजेल."

मी हुमले टाकले.
बिंबलाच्या झाडावर असतातच,
तोडायला गेलं की मनगटाला डसणारे.
एका कागदावर तीन, भिंतीवर अठ्ठेचाळीस.
परत रस्ता ओलांडला.
वाट तिथेच.
फक्त आता तिच्यावरून
एकामागून एक
हुमले चाललेत.

काढून टाकणार होते.
नाही काढलं.
नवा कागद घेतलाय, त्यावर आता
भिरंड की पणसाचं पान, बघू.
पण हे राहू दे भिंतीवर.
आठ इंचांनी बिंबल परत येतं, मी मोजलंय,
आणि उद्या कुणाच्या छातीवर
बरोब्बर मधोमध आलंच,
तर येऊ दे.

इर्मा टीचरचा ब्लाउज
अजून हुकांवाचून पडलाय.